शिखर हंगाम मोठा की प्लेऑफ? एनबीएच्या दिग्गजांच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर, मराठीत लिहायला लागल्यापासून माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: याचं सर्वोत्तम वर्ष भारी की त्याचं? कुणी नुकताच बास्केटबॉल पाहायला लागलेला असतो, कुणी पंचवीस वर्षं पहाटे उठून सामने बघतोय, पण प्रश्न तोच. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अडचणीचे अपवाद येतात. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिखर हंगाम म्हणजे ज्या वर्षी सर्वांत जास्त गुण केले ते वर्ष, इतकं साधं आहे ना?

नाही. मायकेल जॉर्डनचंच बघा. १९८६-८७ मध्ये त्याने सामन्यामागे ३७.१ गुण काढले. पुढे कधीही त्याची सरासरी तिथवर गेली नाही. पण त्या वर्षी शिकागो बुल्सने ८२ पैकी ४० सामने जिंकले आणि प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत बॉस्टनने त्यांना ३-० असं गुंडाळलं. १९९०-९१ मध्ये त्याची सरासरी ३१.५ वर आली. बुल्सने ६१ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये फक्त दोन गमावले आणि पहिलं विजेतेपद घेतलं. गुण साडेपाचने कमी झाले, पण खेळाडू म्हणून तो मोठा झाला होता. कुठे स्वतः मारायचं आणि कुठे चेंडू सोडायचा हे त्याला उमगलं होतं.

म्हणून मी शिखर हंगाम धरताना नियमित हंगाम आणि त्याच वर्षीचं प्लेऑफ असं दोन्ही एकत्र धरतो. नुसत्या ८२ सामन्यांवर निकाल देत नाही आणि नुसत्या एका मालिकेवरही नाही. संपूर्ण कारकीर्द हा आणखी वेगळा विषय. करीम अब्दुल-जब्बारचे सहा एमव्हीपी (हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब) आणि २० हंगाम त्या चर्चेत घ्यायचे, या चर्चेत नाहीत.

२. प्लेऑफला इतकं वजन का द्यायचं? खेळ तर तोच असतो.

खेळ तोच, पण समोरचा बदलतो. नियमित हंगामात आज इथे, उद्या तिथे असे सामने असतात, कधी सलग दोन रात्री. समोरच्या संघाला तुमचा अभ्यास करायला सकाळचा जेमतेम एक सराव मिळतो. प्लेऑफमध्ये १६ संघ, चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे. म्हणजे एकच प्रतिस्पर्धी दोन आठवडे तुमच्याच मागे लागलेला असतो.

कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. ज्या चढाईपटूकडे फक्त पायाचा स्पर्श आहे, तो पहिल्या सामन्यात गुणांची लूट करतो. पण तोच बचाव त्याला ओळीने सात सामने भेटला, तर तिसऱ्या दिवशी कोपरारक्षक त्याचा पाय हवेत असतानाच घोटा धरतो. मग त्याच्याकडे दुसरं काय आहे? प्लेऑफमध्ये हाच प्रश्न प्रत्येक मोठ्या खेळाडूला विचारला जातो. पहिली चाल बंद झाल्यावर दुसरी कोणती, हीच माझी या सगळ्या तुलनेतली मुख्य कसोटी आहे, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये ती येईल.

एक तपशील: पहिली फेरी २००२ पर्यंत पाच सामन्यांची होती, २००३ पासून सातची झाली. जुन्या खेळाडूंचे प्लेऑफमधले एकूण गुण आजच्यांशी ताडून पाहताना हे विसरू नका.

३. एमव्हीपी मिळाला म्हणजे तोच त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, मग वाद कशाला?

कारण एमव्हीपीचं मतदान प्लेऑफच्या आधीच होतं. ते फक्त नियमित हंगामाचं प्रशस्तिपत्र आहे. १९८० पर्यंत खेळाडूच मत देत, त्यानंतर क्रीडापत्रकार आणि समालोचक देतात.

२००६-०७ चा डर्क नोविट्स्की हे त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण. डॅलसने ६७ सामने जिंकले होते. पहिल्या फेरीत समोर होता आठव्या क्रमांकाचा गोल्डन स्टेट, ज्याने कसेबसे ४२ जिंकले होते. त्यांचा प्रशिक्षक डॉन नेल्सन आधी डॅलसचाच प्रशिक्षक होता. नोविट्स्कीला कुठे चेंडू आवडतो आणि कोणत्या अंगाचा बचावपटू त्याला नकोसा होतो, हे त्याला तोंडपाठ होतं. डॅलस ४-२ ने हरलं, आणि संघ घरी बसल्यावर नोविट्स्कीला एमव्हीपी जाहीर झाला. त्याने २०११ मध्ये विजेतेपद मिळवून या सगळ्याची भरपाई केली, पण तो हंगाम वेगळा.

उलट बाजूने पाहायचं तर २०२३ मध्ये एमव्हीपी जोएल एम्बीड होता आणि प्लेऑफ गाजवलं निकोला योकिचने (प्रश्न १३). १९९५ ची गोष्ट तर स्वतंत्र उत्तर मागते (प्रश्न १०).

४. आकडे बघायचेच असतील तर कोणता आकडा बघू?

सुरुवात ट्रू शूटिंगपासून, म्हणजे नेमाच्या खऱ्या टक्केवारीपासून करा. केलेले गुण घ्यायचे आणि त्यांना (फील्ड गोलचे प्रयत्न + ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न) यांच्या दुपटीने भागायचं. फील्ड गोल म्हणजे चालू खेळात मारलेला फटका, फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा फटका आणि थ्री-पॉइंटर म्हणजे दुरून मारलेला तीन गुणांचा फटका. थ्री-पॉइंटर आणि फ्री थ्रो दोन्हींचा हिशेब त्यात येतो.

दोन खरे सामने घेऊ. २०२१ च्या फायनलचा सहावा सामना: यानिस अँटेटोकुंपोने ५० गुण केले, फील्ड गोल २५ पैकी १६, फ्री थ्रो १९ पैकी १७. उत्तर येतं ०.७४९, म्हणजे जवळजवळ ७५ टक्के. एरवी ज्याच्या फ्री थ्रोवर प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजून त्याला बेजार करायचे, त्याने त्या रात्री तिथूनच १७ गुण काढले. दुसरा सामना २०१० च्या फायनलचा सातवा: कोबी ब्रायंटचे २३ गुण, फील्ड गोल २४ पैकी ६, फ्री थ्रो १५ पैकी ११. उत्तर ०.३७६. अगदीच सुमार.

पण दोघंही जिंकले. कोबीच्या लेकर्सने तो सामना ८३-७९ असा खेचून आणला आणि नेम लागत नाही म्हटल्यावर त्याने १५ रिबाउंड (फटका चुकल्यावर पकडलेले चेंडू) घेतले. हे ट्रू शूटिंगमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून पहिला आकडा तो बघा, पण त्यावर थांबू नका.

५. विल्ट चेंबरलिनने हंगामभर सामन्यामागे ५०.४ गुण केले. मग पुढे चर्चाच कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. १९६१-६२ चा तो हंगाम अचाटच होता: ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड आणि २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात १०० गुण. पण त्या आकड्यामागचा काळ समजून घ्यावा लागतो.

त्या वर्षी एक संघ सरासरी ११८.८ गुण करत होता. खेळ पळता होता, नेम आजच्यापेक्षा कच्चा होता, त्यामुळे चुकलेले चेंडूही पुष्कळ. एका संघाच्या वाट्याला सामन्यामागे सत्तरच्या वर रिबाउंड यायचे. आता २००३-०४ घ्या, तेव्हा संघाची सरासरी ९३.४ होती. त्या प्रमाणात विल्टचे ५०.४ गुण साधारण ३९.६ होतात. शिवाय तो सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचा, आणि जादा वेळेमुळे सरासरी त्याच्याही वर गेली. आजच्या ताऱ्याची जास्तीत जास्त ४० मिनिटं धरली तर आकडा ३३ च्या आसपास येतो. २००३-०४ मध्ये गुणांत पहिला आलेल्या ट्रेसी मॅकग्रेडीची सरासरी २८ होती. हिशेब ढोबळ आहे, पण एवढं दाखवतो की विल्ट तेव्हाही सगळ्यांच्या पुढे असता, मात्र दुपटीने नाही.

आणि त्याच वर्षी एमव्हीपी मिळाला बॉस्टनच्या बिल रसेलला, प्लेऑफमध्ये बॉस्टनने विल्टच्या संघाला सातव्या सामन्यात दोन गुणांनी हरवलं.

माझ्या मते विल्टचं खरं शिखर १९६६-६७ चं. गुण निम्म्यावर आले, २४.१. पण ६८.३ टक्के नेम, २४.२ रिबाउंड आणि सामन्यामागे ७.८ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने गुण केले असे पास). फिलाडेल्फियाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि वाटेत बॉस्टनला ४-१ ने बाजूला केलं. ज्याला कुणीच अडवू शकत नव्हतं, तो स्वतः मारायचं कमी करून चेंडू वाटायला लागला, तेव्हा तो जिंकला.

६. जुन्या खेळाडूंचे ब्लॉक आणि स्टील यादीत का सापडत नाहीत?

ब्लॉक (समोरच्याचा फटका हवेतच अडवणं) आणि स्टील (त्याच्याकडून चेंडू हिसकावणं) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. थ्री-पॉइंटर १९७९-८० मध्ये आला. फायनलचा एमव्हीपी १९६९ पासून दिला जातो. त्यामुळे रसेलच्या नावावर एकही ब्लॉक नाही आणि एकही फायनल एमव्हीपी नाही, जरी १३ हंगामांत ११ विजेतेपदं त्याची आहेत. रिकामा रकाना दिसला की तिथे शून्य समजू नका.

७. जॉर्डनच्या काळात मारामारीचा बचाव होता, आज हात लावला तरी फाउल. मग तो आज ४५ ची सरासरी काढेल ना?

अर्धी गोष्ट खरी आहे. बचावपटूने हाताने ढकलत, दाबत ठेवण्यावर २००४-०५ पासून कडक बंदी आली आणि बाहेरून आत घुसणाऱ्या खेळाडूंना मोकळीक मिळाली. पण दुसरी अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. २००१ पर्यंत झोन बचाव, म्हणजे ठरावीक माणसाऐवजी जागा राखणं, बेकायदा होता. आपला माणूस सोडून मदतनीसाला वाटेत उभं राहता येत नसे. त्यामुळे जॉर्डन एका बाजूला चेंडू घेऊन उभा राहिला की त्या बाजूचं मैदान बऱ्यापैकी रिकामं असायचं. आज तिथे तीन जण वाटेत हात पसरून उभे असतात. एक दार उघडलं आणि दुसरं बंद झालं. म्हणून जो तो आपापल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होता, एवढंच मोजणं प्रामाणिकपणाचं.

८. बाकी राहू दे. जॉर्डनचं सर्वोत्तम वर्ष की लेब्रॉन जेम्सचं?

जॉर्डनचं मी १९९०-९१ धरतो, कारण प्रश्न १ मध्ये दिलंय. बरेच वाचक १९८७-८८ सुचवतात: ३५ गुणांची सरासरी, एमव्हीपी आणि त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा किताबही. एकट्या माणसाने बास्केटबॉलमध्ये काय करावं याची ती कमाल आहे. पण १९८८, १९८९ आणि १९९० अशी तीन वर्षं डेट्रॉइटने त्याला प्लेऑफमधून बाहेर काढलं. त्याच्यासाठी त्यांनी खास नियमच आखले होते: चेंडू मिळाला की दुसरा माणूस धावून यायचा, आत शिरला की अंगावर यायचं. पहिली चाल बंद. १९९१ मध्ये त्याच डेट्रॉइटला बुल्सने ४-० ने हरवलं. फायनलला लेकर्ससमोर जॉर्डनची सरासरी ३१.२ गुण आणि ११.४ असिस्ट. दुसऱ्या सामन्यात त्याचे ओळीने १३ फटके बसले. पण मला त्याहून मोठा वाटतो तो पाचवा सामना. शेवटच्या मिनिटांत लेकर्स त्याच्यावर तुटून पडत होते आणि तो प्रत्येक वेळी मोकळ्या जॉन पॅक्सनला चेंडू देत होता. पॅक्सनचे २० गुण झाले, जॉर्डनचे ३० गुण आणि १० असिस्ट. डेट्रॉइटने तीन वर्षं मारून शिकवलेला धडा तो तिथे खेळत होता.

लेब्रॉनचं शिखर २०१२-१३. सरासरी २६.८ गुण, ८ रिबाउंड, ७.३ असिस्ट, नेम ५६.५ टक्के, मायामीचे ओळीने २७ विजय आणि एमव्हीपीसाठी पहिल्या पसंतीच्या १२१ पैकी १२० मतं. त्याआधी २०११ च्या फायनलमध्ये डॅलसने त्याला अक्षरशः गोठवलं होतं: सरासरी १७.८, एका सामन्यात तर फक्त ८ गुण. त्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला हकीम ओलाजुवोनकडे (प्रश्न १०) गेला आणि बास्केटकडे पाठ करून खेळायचं शिकून आला. २०१३ च्या फायनलला सॅन अँटोनियोने वेगळा डाव टाकला. त्याला बाहेर मोकळं सोडायचं, दोन पावलं मागे उभं राहायचं आणि म्हणायचं, मार. पहिले काही सामने तो घुटमळत राहिला. सातव्या सामन्यात त्याने तिथूनच मारले: ३७ गुण, पाच थ्री-पॉइंटर, १२ रिबाउंड.

दोघंही त्याच कसोटीवर उतरले. तरी संपूर्ण वर्षासाठी मी जॉर्डनचं १९९०-९१ निवडतो. त्या प्लेऑफमध्ये तो एकदाही घुटमळला नाही. पण एका मालिकेपुरतं विचाराल तर उत्तर फिरतं. २०१६ च्या फायनलमध्ये ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटसमोर १-३ अशा पिछाडीवरून लेब्रॉनने क्लीव्हलँडला विजेतेपद मिळवून दिलं. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही रकान्यांत दोन्ही संघांत तो पहिला होता. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात प्रत्येकी ४१. सातव्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना आंद्रे इग्वोडाला बास्केटकडे निघाला होता, आणि लेब्रॉनने मागून येऊन तो चेंडू बोर्डावर चिकटवला. ड्रेमंड ग्रीन पाचव्या सामन्यात निलंबित होता हे मान्य. तरीही मी पाहिलेल्या मालिकांत याच्यावर काही नाही.

९. जॉर्डन फायनलमध्ये ६-०, लेब्रॉन ४-६. यातच सगळं आलं नाही का?

सहा वेळा फायनल गाठून सहाही जिंकणं आणि सहाही वेळा फायनल एमव्हीपी होणं याला तोड नाही. पण या युक्तिवादात एक खोट आहे. जॉर्डन १९८५, १९८६ आणि १९८७ ला पहिल्या फेरीत हरला, डेट्रॉइटकडून तीनदा हरला, १९९५ ला ऑर्लँडोकडून हरला. हे पराभव ‘६-०’ मध्ये मोजलेच जात नाहीत, कारण ते फायनलच्या आधी झाले. मग पहिल्या फेरीत हरणारा निष्कलंक आणि फायनलपर्यंत जाऊन हरणारा डागाळलेला, असं कसं? पराभव मोजायचे तर सगळे मोजा.

१०. एका प्लेऑफमधली सर्वोत्तम कामगिरी कोणाची?

१९९५ चा हकीम ओलाजुवोन. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आदल्या वर्षी, १९९३-९४ मध्ये, तो एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि फायनल एमव्हीपी असं तिन्ही झाला होता. एकाच हंगामात तिन्ही मिळवलेला तो एकमेव खेळाडू. म्हणजे कागदावर १९९४ मोठं. १९९५ ला त्याच्या ह्यूस्टनने जेमतेम ४७ सामने जिंकले आणि सहाव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये आले. वाटेत ६० विजयांचा यूटा, ५९ चा फिनिक्स (तिथे १-३ असे मागे होते), ६२ चा सॅन अँटोनियो आणि फायनलला ५७ चा ऑर्लँडो. चौघांनाही हरवलं, ऑर्लँडोला तर ४-० ने. हकीमची प्लेऑफची सरासरी ३३.

सॅन अँटोनियोचा डेव्हिड रॉबिन्सन त्या वर्षीचा एमव्हीपी. दुसऱ्या सामन्याआधी त्याच्या घरच्या मैदानावर, हकीमच्या डोळ्यांदेखत त्याला करंडक दिला गेला. त्या रात्री हकीमने ४१ केले, पुढच्या सामन्यात ४३. सहा सामन्यांचे आकडे असे: २७, ४१, ४३, २०, ४२, ३९. सरासरी ३५.३.

आकड्यांपेक्षा ती हालचाल बघा. हकीम चेंडू घेतो, बास्केटकडे तोंड करतो, आत शिरल्यासारखं करतो आणि मध्येच गिरकी घेतो. रॉबिन्सन बरोबर तिथेच असतो, कारण रॉबिन्सन सुस्त नव्हता, उत्तम बचावपटू होता. मग हकीम चेंडू वर नेतो, खांदे उंचावतो, नजर बास्केटवर. रॉबिन्सनचे पाय जमीन सोडतात. हकीमचे पाय मात्र जमिनीवरच. तो एक पाऊल पुढे टाकून रॉबिन्सनच्या हाताखालून निघतो आणि चेंडू अलगद ठेवतो. लागोसमध्ये लहानपणी तो फुटबॉलचा गोलरक्षक होता आणि हँडबॉलही खेळायचा. त्या पायांची जात तिथली. एक चाल बंद झाली की दुसरी, ती बंद झाली की तिसरी, आणि सगळ्या एकाच श्वासात. माझ्या कसोटीवर याच्याइतकं पूर्ण उत्तर कुणी दिलेलं नाही.

११. हरलेल्या संघातल्या खेळाडूची कामगिरी शिखर म्हणून धरायची का?

धरायची. १९६९ ला फायनलचा पहिलाच एमव्हीपी मिळाला जेरी वेस्टला, आणि त्याचा संघ हरला होता. त्यानंतर हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मिळालेला नाही.

२००९ ला ऑर्लँडोविरुद्ध लेब्रॉनने सहा सामन्यांत ३८.५ च्या सरासरीने गुण केले आणि ६६ सामने जिंकलेला क्लीव्हलँड तरीही ४-२ ने हरला. १९७७ ला करीमची प्लेऑफची सरासरी ३४.६ गुण आणि १७.७ रिबाउंड, तरी पोर्टलँडने लेकर्सला ४-० ने हरवलं. २० एप्रिल १९८६ ला जॉर्डनने बॉस्टनमध्ये ६३ गुण केले, प्लेऑफमधला आजवरचा विक्रम, आणि बुल्स दुसऱ्या जादा वेळेत १३५-१३१ असे हरले. माणूस पाचांपैकी एक असतो. पराभव त्याच्यामुळे झाला की तो असूनही झाला, हे सामना पाहून ठरवायचं.

१२. स्टेफ करीचा २०१५-१६ हंगाम कुठे बसवायचा? एकमताने एमव्हीपी, आणि फायनल हरला.

हा खरा अवघड अपवाद. ३०.१ गुणांची सरासरी, ४०२ थ्री-पॉइंटर, सामन्यामागे फक्त ३४ मिनिटं, गोल्डन स्टेटचे ७३ विजय आणि सगळीच्या सगळी १३१ पहिल्या पसंतीची मतं. नियमित हंगामापुरतं बोलायचं तर मी तो पहिल्या तिघांत ठेवतो. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा दुखावला. परतल्यावर पोर्टलँडमध्ये जादा वेळेत एकट्याने १७ गुण केले हे खरं, पण फायनलला सरासरी २२.६ वर आली आणि जवळ आलेल्या बचावपटूला सोडून निसटण्याची ती झेप दिसली नाही.

दुखापत हा दोष नाही. पण जे खेळलं गेलं नाही त्याचे गुण देता येत नाहीत. म्हणून पूर्ण वर्ष म्हणून तो जॉर्डनच्या १९९०-९१ खाली येतो. करीच्या कसोटीचं उत्तर २०२२ मध्ये मिळालं. फायनलला बॉस्टनमध्ये, संघ १-२ असा मागे असताना ४३ गुण. पुढच्या सामन्यात नऊपैकी एकही थ्री-पॉइंटर पडला नाही, तरी गोल्डन स्टेट जिंकलं, कारण बॉस्टनचे दोन-दोन जण त्याच्याच मागे धावत राहिले आणि बाकीचे मोकळे झाले.

१३. आजच्या खेळाडूंपैकी या रांगेत कोण बसतं?

योकिच नक्की. २०२३ च्या प्लेऑफमध्ये त्याचे एकूण ६०० गुण, २६९ रिबाउंड आणि १९० असिस्ट झाले. तिन्हींत संपूर्ण प्लेऑफमध्ये पहिला येणारा तो इतिहासातला पहिलाच. नव्या खेळाडूंच्या २०१४ च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्याचा क्रमांक होता ४१ वा. त्याला अडवायला गेलात तर तो पास देतो आणि पास अडवलात तर स्वतः टाकतो. त्यामुळे त्याची ‘पहिली चाल’ कोणती हेच बचावाला ठरवता येत नाही.

शे गिलजस-अलेक्झांडरचं २०२४-२५ सुद्धा: ३२.७ गुणांसह गुणांत पहिला, एमव्हीपी, विजेतेपद आणि फायनल एमव्हीपी. हे चारही एकाच वर्षात त्याआधी शेवटचं साधलं होतं शकील ओनीलने २००० मध्ये. शकीलच्या त्या फायनलची सरासरी ३८ गुण आणि १६.७ रिबाउंड. इंडियानाने त्याला मुद्दाम फ्री थ्रोला पाठवून पाहिलं, त्याचे निम्मेही पडले नाहीत, आणि तरी काही उपयोग झाला नाही.

१४. बचावाची तुलना कशी करायची? तिथे आकडेच नाहीत.

अवघड आहे, आणि त्यामुळेच रसेल आणि टिम डंकन अशा याद्यांमध्ये मागे पडतात. २००३ च्या फायनलच्या शेवटच्या सामन्यात डंकनने २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट आणि ८ ब्लॉक केले. पण त्याला पाहून ज्यांनी आत शिरायचा विचारच सोडला, त्यांची नोंद कुठेच नाही. ती पाहूनच कळते.

१५. कोणते सामने मोजायचे नाहीत? प्ले-इन, सरावाचे, मुंबईत झालेले?

प्ले-इनचे, म्हणजे प्लेऑफमधल्या शेवटच्या जागांसाठी होणाऱ्या सामन्यांचे, आकडे ना नियमित हंगामात धरले जातात ना प्लेऑफमध्ये. २०२३ पासून हंगामाच्या मध्ये होणाऱ्या चषकाचा फक्त अंतिम सामना हंगामाच्या आकड्यांत येत नाही. बाकीचे येतात. हंगामपूर्व सामने कुठेच धरले जात नाहीत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झालेले दोन सामने त्यातलेच. पहिला जादा वेळेत १३२-१३१ असा संपला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे आपल्यासाठी ते सामने मोलाचे, पण खेळाडूंच्या नोंदीत त्यांना जागा नाही.

लहान हंगामही जपून वापरा: १९९८-९९ मध्ये ५० सामने, २०११-१२ मध्ये ६६. एकूण बेरजांऐवजी सरासरी पाहा. २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी साधारण ६५ सामने खेळणं बंधनकारक झालं आहे, तेव्हा पुरस्कार नाही म्हणजे हंगाम कमी दर्जाचा असं आता म्हणता येत नाही.

१६. मी नवीन आहे. तुलना करण्याआधी कोणते जुने सामने पाहू?

पूर्ण सामने पाहा, तुकडे नकोत. तुकड्यांमध्ये फक्त पडलेले चेंडू दिसतात, त्यासाठी बचावाने आधी काय काय बंद केलं होतं ते दिसत नाही. क्रम असा ठेवा: १९९१ च्या फायनलचा पाचवा सामना, २०१३ चा सातवा, २०१६ चे शेवटचे तिन्ही, २०२२ चा चौथा आणि पाचवा. थेट पाहायचं तर जूनमधली फायनल आपल्याकडे बहुधा सकाळी सहाला सुरू होते.

आणि १९९५ चा ह्यूस्टन-सॅन अँटोनियो दुसरा सामना दोनदा पाहा. पहिल्यांदा हकीमकडे बघत. दुसऱ्यांदा फक्त रॉबिन्सनच्या पायांकडे.